यशोदामावशीचा गाल

पॉलिशचा पॅड हातात आला की यशोदामावशी तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईच्या गालाला खाज सुटली असावी. पेणच्या त्या गणपती कारखान्यातला माझा पहिलाच दिवस होता, म्हणून हसू दाबलं.

कारण नंतर कळलं. मावशी जवळच्या कासू गावची. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. बोटं अशी राठ झालेली की चहाचा पेला गरम आहे की गार, हेही तिला कळायचं नाही. बोटांचा भरवसा नाही, म्हणून गाल. "माझ्या गालाला टोचतंय, तर तो देवाच्या गालाला कसा लावू?" म्हणायची.

मूर्तीचं अंग घासायला जाड कणांचा पॅड, चेहऱ्याला बारीक कणांचा. हे स्पंजचे पॅड दोन दिवसांत प्लास्टरच्या भुकटीने बुजतात. बाकीच्या बायका ते सरळ टाकून द्यायच्या आणि मावशी संध्याकाळी कचऱ्याचा डबा उपसून परत काढायची. "मेला नाय तो, नाक चोंदलंय नुसतं," हे तिचं ठरलेलं निदान. मग उपचार. आधी कोरडाच आपटून भुकटी झाडायची. मग साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायचा. पिळायचा नाही, नुसता दाबायचा, आणि वाळवायचा तो सावलीत. जाड पॅड लाल बादलीत, बारीक निळ्या बादलीत. बादल्यांच्या बाबतीत ती शेठचंही ऐकून घ्यायची नाही. दोन दिवसांचा पॅड तिच्या हाताखाली महिनाभर जगायचा.

मी रोह्याची. नवऱ्याचं धाटावच्या कंपनीतलं काम सुटलं होतं आणि घर माझ्या या नोकरीवर चाललं होतं. त्यात गणपती तोंडावर आलेले असताना मावशीने दाढ काढली. गाल पुरीसारखा टम्म फुगला, ती लवकर घरी गेली आणि पॅड धुणं माझ्याकडे आलं. मला गाडी गाठायची होती. दोन बादल्या कोण भरत बसणार, म्हणून मी सगळे पॅड एकाच बादलीत बुडवले.

दुसऱ्या दिवशी मावशी जबड्याला फडकं बांधून हजर. दोन्ही गाल फडक्याखाली, त्यांना पॅड लावणं शक्यच नव्हतं, आणि माझाही गाल आहे हे मला सुचलं नाही. आम्ही दोघींनी चेहरे घासले. रंगाचा पहिला हात बसला आणि अकरा मूर्तींच्या गालांवर मांजराने ओरबाडल्यासारखे ओरखडे उठले. जाड पॅडचे कण बारीक पॅडांत जाऊन बसले होते.

शेठ आले आणि पॅड कोणी धुतले ते विचारलं. नोकरी गेली, हे मी मनाशी धरूनच टाकलं. फडक्याच्या आतून मावशी म्हणाली, "धुतले हिने, न बघता फिरवले मी. चूक दोघींची हाय, दोघी निस्तरू. हिला काढायचं असेल तर मला पण काढा."

शेठने आधी मूर्ती नीट करा म्हटलं आणि काढण्याचा विषय तिथेच राहिला. दोन दिवस आम्ही तेच अकरा चेहरे घासले. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. प्रत्येक पॅड माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "लाव गालाला." मी लावायचे. डोळ्यांची आखणी करणारे काका शेवटी मूर्ती बघून गेले, त्यांना काही सापडलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशीने काम सोडलं. यंदा तिच्या घरची मूर्ती मी स्वतः घासली आणि चतुर्थीला सकाळी कासूला घेऊन गेले. भटजी यायचे होते. मावशीने मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढला, कुरकुरत्या गुडघ्यांवर वाकली आणि आपला सुरकुतलेला गाल गणपतीच्या गालाला लावला. मी तिथे निकालाची वाट बघत उभी राहिले. तिने गाल बराच वेळ काढलाच नाही.

मग म्हणाली, "नाय टोचत गो."

मला रडू आलं, ते मी दाबलं नाही.