टेक्सास, मुक्काम पोस्ट मुरबाड

नोकरी सोडली की पगार संपतो, किस्से संपत नाहीत. टेक्सासला कामाला असलेले आमच्यातले कुणीही दोघं आजही किन्हवलीच्या स्टँडवर भेटले की दोघांचीही एस.टी. चुकते!

नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका शेठनं मुरबाड रोडला डोंगराखाली जमीन घेतली, लाकडी दुकानं उभी केली आणि गेटवर 'टेक्सास' अशी पाटी लावली. दर रविवारी चार वाजता पाहुण्यांना अमेरिकेचा इतिहास करून दाखवायचा. मला काऊबॉयच्या कादंबऱ्यांचा नाद, म्हणून माईक माझ्याकडे.

*

भूमिका शेठनं रंगावरून वाटल्या. गोरे ते काऊबॉय, आम्ही गाववाले सगळे रेड इंडियन! सरदार झाले धाऊकाका. रिसॉर्टला लागूनच त्यांचं विहिरीचं शेत. उरलेलं तेवढंच.

डोक्याला कोंबड्याची पिसं बांधता बांधता काकांनी मला विचारलं, "ही मानसं तिथली कोन रे?"

"मूळची. जमीन त्यांचीच."

"नि टोपीवाले?"

"मागनं आले."

"मंग जिकतं कोन?"

"टोपीवाले."

काका म्हणाले, "मंग तालीम नको. येतंय मला."

*

आमच्या पांडूच्या बैलगाडीला ताडपत्री लावून तिची 'वॅगन' केली. पाहुणे आत बसायचे, आम्ही हल्ला करायचा. पहिल्याच फटाक्याला बैल जे उधळले, ते थेट घरच्या गोठ्यात! पाहुण्यांना वाटलं, हेही पॅकेजमध्येच आहे. पांडूच्या बायकोनं त्यांना चहा दिला, वर भाकरी खाऊ घातली.

संध्याकाळी एक बाई शेठला म्हणाल्या, "किडनॅपिंग फार रिअल होतं हं! चहासुद्धा तुमच्यापेक्षा बरा."

*

पांडूचाच फोटो 'वॉन्टेड' लिहून गेटवर चिकटवला होता. एकदा एक हवालदार आला. बराच वेळ फोटो निरखत उभा राहिला, मग आत येऊन बसला.

"हा मानूस कुठं सापडंल?"

मी म्हटलं, "साहेब, तुमाला चहा देतोय, तोच."

हवालदारानं पांडूकडे बघितलं, गेटकडे बघितलं, कप रिकामा केला.

"गुन्हा टेक्सासचा ना? मंग आपली हद्द नाय!"

*

कुंपण शेत खातं, ही म्हण शाळेत पाठ केली होती. टेक्सासला ती डोळ्यांनी बघितली. शेठचं काटेरी तारेचं कुंपण दर पावसाळ्यानंतर काकांच्या शेतात चार पावलं आत सरकलेलं असायचं. शेठला स्विमिंग पूल बांधायचा होता आणि त्यासाठी काकांची विहीर हवी होती.

काका विचारायला गेले, तर शेठ म्हणाला, "पावसानं जमीन सरकली असेल, काका."

"पाऊस दर साली माझ्याकडंच सरकवतो काय, शेठ?"

शेठची टोपी पायाखाली तुडवावीशी वाटली मला. पण पगार त्याचाच होता. मी माईक धरून गप्प उभा राहिलो, आणि त्याची लाज आजही वाटते.

*

शेवटचा प्रवेश तहाचा. टोपीवाल्यांचा जनरल कागद पुढे करतो, सरदार अंगठा उठवतो, टाळ्या! कागद म्हणजे कॅन्टीनमधली रद्दी, शाई म्हणजे कुंकवाचं पाणी. दोन वर्षं काकांनी दर रविवारी न बघता अंगठा उठवला.

एका रविवारी शेठ स्वतःच जनरल होऊन आला. हातात टाईप केलेला करकरीत स्टॅम्पपेपर, शाईचा पॅडही खराखुरा. काकांनी अंगठा पॅडवर टेकवला. तो निळा झालेला बघितला आणि थांबले.

"आदी वाचून दाखवा."

"काका, नाटक आहे. लोक खोळंबलेत."

"मंग वाचायला काय जातंय? मागं इजेच्या खांबाचा कागद म्हनून तुमी अंगठा घेतला, नि वरचा मळा गेला माझा."

पाहुणे खदाखदा हसले. काकांनी कागद ओढून घेतला आणि माझ्या हातात दिला.

मी माईक तोंडाशी नेला. "कुलमुखत्यारपत्र. मी धाऊ, माझं विहिरीचं शेत विकण्याचे सर्व अधिकार शेठ यांना..."

शेठनं वायर उपटली.

काकांनी निळा अंगठा डोक्यावरच्या पिसांना पुसला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "जरा पुढं सरकून बसा सगळी. तो परत पयल्यापासून वाचतोय."