पेरांवरचं गणित

दहावीतली नात एकोणतीस गुणिले सात करत होती. "तीस साती दोनशे दहा," असं पुटपुटत तिने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला आणि सात घरं मागे आली. दोनशे तीन! किती देखणी वाट. तेवढ्यात माझे चिरंजीव, म्हणजे तिचा बाप, कडाडले, "दहावीत आलीस, अजून बोटं काय मोजतेस?"

तिने हात मांडीखाली दाबला आणि पुढचं सोपं गणितही चुकवलं.

माझं टाळकंच सटकलं. या घराला पोपटच हवेत! मी होतेच की पोपटांची महाराणी. तिसापर्यंतचे पाढे घडाघडा, पण कुणी मधूनच "एकोणतीस साती?" विचारलं, की बाईसाहेब "एकोणतीस एके"पासून डोलत निघायच्या. आकड्यांची नुसती चाल पाठ होती, ओळख कधी झालीच नाही. ही पोरगी त्यांच्याशी बोलते, तर हिचाच हात बांधायचा?

"आई, परीक्षेत स्पीड लागतो," चिरंजीव म्हणाले.

"मग पळ इथून!"

गेला पाय आपटत. "काढ गं तो हात बाहेर," मी म्हटलं. पोर मात्र बापाने लावून घेतलेल्या दाराकडेच बघत राहिली.