भाकरमायचं नाव

आमच्या गावातल्या ख्रिस्ती शाळेत दर नोव्हेंबरमध्ये स्मरणसभा होते. शाळेसाठी राबून गेलेल्या माणसांची नावं मुख्याध्यापिका एकेक करून वाचतात. ज्यानं त्या माणसाला पाहिलं असेल त्यानं नाव ऐकल्यावर उठायचं आणि पुढचं नाव येईपर्यंत उभं राहायचं. यादी संपली की प्रार्थना. ही रीत कोणी घातली ते आता कोणाला सांगता येत नाही. मी त्याच शाळेत शिकलो, माझी मुलगी आज तिथेच नववीत आहे. कोणासाठी किती माणसं उठली हे सभेत सगळ्यांना दिसतं. कोणी ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

माझ्या आईनं या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं भाकरी केल्या. ती गेली त्या वर्षी मी सभेला जाऊन बसलो. पस्तीस नावं वाचली. तिचं नाव नव्हतं.

आठवड्यानं मी मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या माझ्या बरोबरीच्याच, बोलायला मोकळ्या.

"भाऊ, यादी हजेरीपटावरून होते," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाच्या बाया हजेरीपटावर नसायच्या. रोजानं असायच्या."

"रोजानं होती, पण रोज होती," मी म्हणालो.

घरी येऊन मी कागद घेतला. वसतिगृहात मुली कधी साठ असत, कधी सत्तर. मी कमीत कमी धरल्या, पंचेचाळीस. मुलीमागे दिवसाला तीन भाकरी, वर्षाचे दोनशे साठ दिवस, सव्वीस वर्षं. नऊ लाख बारा हजार सहाशे. आई दोनदा आजारी पडली होती, ते चाळीस दिवस वजा केले. उरल्या नऊ लाख सात हजार दोनशे. हा कागद मी मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "आजारपणसुद्धा वजा केलं?"

"फुगवलेला आकडा कशाला द्यायचा?"

त्या हसल्या आणि कागद कमिटीपुढे ठेवते म्हणाल्या. कमिटीनं मान्य केलं. एकच अट होती, नाव चर्चच्या नोंदवहीतलं द्यायचं, म्हणजे बाप्तिस्म्याचं.

आई धनजकडच्या शेतकरी घरातली. एकोणिसाव्या वर्षी तिनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला आणि पवित्र शास्त्रातलं एक नाव निवडलं. ते नाव तिच्या भावांनी कधी तोंडातून काढलं नाही. लग्नानंतर सासरी ती सून झाली, मग आमची आई झाली. वसतिगृहातल्या मुली तिला भाकरमाय म्हणू लागल्या, मुलींचं ऐकून शिक्षक म्हणू लागले, पुढे चर्चमध्येही तेच चाललं. बाप्तिस्म्याचं नाव उरलं फक्त कागदावर. सही मात्र ती त्याच नावानं करायची, मोठ्या अक्षरात, वेळ घेऊन.

दुसऱ्या वर्षी यादीत सदतिसावं नाव तिचं होतं. मॅडमनी ते स्पष्ट वाचलं. मी उठलो. माझी बायको, मुलगी आणि थोरली ताई उठली. झाले चार. चौघंही घरचे. वसतिगृहात राहून गेलेल्या निदान पंधरा बाया त्या सभागृहात होत्या. सगळ्या बसून राहिल्या.

चहाच्या वेळी मी त्यांतल्या एकीला गाठलं. ती पोहरादेवीकडच्या एका तांड्यावर अंगणवाडी चालवते. तिचे आईबाप ऊसतोडीला जात, म्हणून ती सहा वर्षं वसतिगृहात होती.

"तू काहून उठली नाई?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कोणासाठी?"

"माह्या आईसाठी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भाकरमायचं नाव कुठं घेतलं त्याईनं? मी तर कान लावून बसली होती."

आईला यादीत आणायला मला वर्ष लागलं होतं, आणि तिच्या हातचं खाल्लेल्या माणसांना ती यादीत सापडलीच नव्हती.

घरी मी ताईला म्हणालो, पुढच्या वर्षी नुसतं भाकरमाय वाचायला सांगतो. ताई निवडायला घेतलेली तूर बाजूला सारून उठली.

"थे नाव तिनं सोता घेतलं होतं, बाबू. भाकरमाय तिले लोकायनं केलं. मामालोकायनं जे नाव गिळलं, थे आता तू बी गिळतं?"

तिचं खरं होतं. तेव्हा ठरलं, दोन्ही वाचायची. आधी बाप्तिस्म्याचं, मग "आपली भाकरमाय."

कमिटीनं दोन बैठका हा विषय पुढे ढकलला. तिसऱ्या बैठकीला मी स्वतः गेलो. एक निवृत्त मास्तर अडून बसले होते.

"उद्या शिपायाले घंटीवाला म्हणून वाचा म्हणसान!"

"घंटीवाला म्हणल्यावरच लोक उठत असतीन, तर वाचा," मी म्हणालो.

"देवाले बाप्तिस्म्याचं नाव ठाऊक हाय ना?"

"देवाले ठाऊक हाय, मास्तर. उठायचं माणसायले हाय."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुह्या मायच्या भाकरी म्याबी खाल्ल्या हायेत," ते म्हणाले, "पण रीत म्हंजे रीत." मग त्यांनी हात वर केला, बाजूनं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मॅडमनी तिचं नाव वाचलं. आम्ही चौघं उठलो. मग त्यांनी पुढचे दोन शब्द वाचले. बाकं सरकल्याचा आवाज झाला. मी वळून मोजलं. आम्ही चौघं सोडून सत्तावीस. त्यांत ख्रिस्ती सहा, बाकीच्या तांड्यांवरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या, कपाळाला कुंकू लावलेल्या. मास्तरही उभे होते. मागून कोणीतरी बोललं, "पण वरणात तिखट लय टाकत होती वो माय!" सगळे हसले. मॅडमनी हसू ओसरू दिलं आणि मग पुढचं नाव वाचलं.

प्रार्थनेनंतर पन्नाशीची एक बाई माझ्याजवळ आली. मी तिला ओळखलं नाही.

"भाऊ, मायचं नाव काय वाचलं आत्ता? पाच वर्षं खाल्लं तिच्या हातचं, नाव आज आयकलं. कधी सांगितलं नाई तिनं."

"तुमी कधी विचारलं काय?"

"नाई," ती म्हणाली. "मले लिहून घेऊ द्या."

तिनं कार्यक्रमपत्रिका उलटी केली, माझ्या खिशातला पेन मागून घेतला आणि मी सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं. मधेच थांबून विचारलं, "वेलांटी पहिली का दुसरी?"

"दुसरी," मी म्हणालो.

तिनं पहिली दिली होती. ती खोडून तिनं नाव पुन्हा, पहिल्या अक्षरापासून लिहिलं.