हौसाच्या फोटोचा सांगावा

हौसा गेली त्या दिवशी दुपारी ती नामाशी बोलली. चोवीस वर्षांत पयल्यांदा.

नामा तिच्या नवऱ्याचा, अनंताचा, थोरला भाऊ. म्हंजे तिचा भासरा. आमच्याकडं वैशाखरे गावाच्या बाजूला जुन्या घरांत धाकल्या भावाची बायको भासऱ्याशी तोंडातोंडी बोलत नाय, पदर घेऊन बाजूनं जाते. त्या दिवशी अनंता औषध आनायला मुरबाडला गेलेला, लेक सारिका पान्याला. नामाची बायको बाईजा चुलीशी होती. हौसा पडवीत खाटंवर, आंगाचं नुसतं चिपाड झालेलं. नामा उंबऱ्याशी पाठ करून बसला होता. तं मागनं आवाज आला.

"भावजी, तो फोटोचा कागद तुमीच आनला होता ना?"

नामाला आधी कळलंच नाय का कोन बोललं. त्यानं मान हालवली.

"त्यात काय होतं?"

"चांगला होता," नामा बोलला.

"मंग ह्ये कुठनं आलं?"

चार वाजता बाईजा पेज घेऊन गेली तव्हा हौसा गेलेली होती.

हौसा शहापूरकडची, शेणव्याची. आंगानं बारीक पन भारा उचलायला गड्याला ऐकायची नाय. आन धवळे गायची. धवळे म्हंजे लग्नाच्या इधींची गानी, ती गानारी बाई आल्याबिगर आमच्यात हळद लागत नाय. म्हशापर्यंत तिला बोलावनं यायचं. गाता गाता वरबापाची आशी फजिती करायची का मांडव हासून आडवा. आन भासऱ्याशी बोलायचं नाय तं काय झालं, ती शेळीला सांगायची. शेळ्ये, घरातल्या मोठ्या मानसांना सांग, पानी निवतंय, मंग आमच्या नावानं बोंब मारतील. नामा पन शेळीलाच जबाब द्यायचा, सांग गो तिला, मी कालच आंघोळ केली. आशी चोवीस वर्षं गेली, कोनाचं काय आडलं नाय.

दोन वर्षांमागं मुरबाडला छाती तपासायची गाडी आली. आशाबाईनं गावातल्या चाळीशीच्या बायका गोळा करून नेल्या. हौसा तव्हा त्रेचाळीसची, तिचं काय दुखत नव्हतं, सगळ्या चालल्या म्हनून गेली. यंत्रात छाती दाबून फोटो काढले. येताना जीपमदी सगळ्या एकमेकींची टर उडवत आल्या. कागद आठ दिवसांनी मिळायचे होते. अनंता मळनीत आडकलेला, नामाला तलाठ्याकडं जायचंच होतं, म्हनून तो कागद आनायला गेला. झालं ते तितंच.

नर्सबाईनं त्याला बाकड्यावर बसवून नीट सांगतलं. फोटोत गाठ दिसत नाय. पन हिच्या छातीचं मांस दाट हाय. बऱ्याच बायकांचं आसतं, तो काय रोग नाय. पन ते फोटोत पांढरं येतं, आन गाठ पन पांढरीच येते, म्हनून लपली आसली तं कळायचं नाय. एकदा सोनोग्राफी करून घ्या, कागदावर खाली लिवलंय.

नामाचे कान तापले होते. भावाच्या बायकोच्या छातीची गोष्ट, आन बाजूला चार मानसं ऐकतायत. कदी एकदा उठतो आसं त्याला झालं. हां हां करत त्यानं कागदाची घडी केली न् खिशात घातली. वाटंनं त्याला वाटलं, कामाची बाई, आंग दाटच आसनार, त्याच्यात काय एवढं.

घरी सांगायचं कोनाला? तिला सांगता येत नाय. शेळीला सांगायची ही गोष्ट नव्हं. धाकल्या भावाला त्याच्या बायकोच्या आंगाचं कोन्या तोंडानं सांगायचं? त्यानं बाईजाला सांगतलं, बाईजानं हौसाला. इथंच घोळ हाय. नामा बोलतो, मी बोललो होतो, चांगला हाय पन परत एकदा दाखवा. बाईजा बोलते, परतचं कायच नाय, चांगला हाय येवढंच बोलले. दोघं पन खोटं बोलनारी नायत. आन आता नामाला सोतालाच नक्की सांगता येत नाय. त्याला आठवतं ते येवढंच का बाईजा तांदूळ निवडत होती, आन त्यानं कागद पेटीत टाकला.

चौदा महिन्यांनी काखेत गाठ लागली. हौसा बोलली, फोटो तं चांगला आला होता, ही भाऱ्याची गाठ आसल. त्याच्यात आनखी तीन महिने. ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेली तव्हा हाडांत उतरलेलं. नामानं डाक्टरला एकट्यात गाठून इचारलं, तव्हाच सोनोग्राफी केली आसती तं? डाक्टर बोलला, सापडलं आसतं कदाचित, कदाचित नसतं पन, आता कोन सांगनार. नामाला ह्ये कळंना. यंत्रानं बघितलं तं बघितलं, नाय तं नाय. बघितलं आन दिसलं नाय, ह्ये काय? डाक्टर हो बोलला आसता तं निदान कळलं आसतं, आपल्या हातनं काय झालं ते.

बाराव्याला पाव्हनं जेवून बसलेले. आशाबाईनं हळूच काढलं, गाडी परत येतेय, बायकांनी नावं द्या. अनंता बोलला, त्या गाडीचं नाव माझ्या दारात काढू नको, चांगला चांगला बोलून माझी बायको नेली. शेणव्याचा हौसाचा भाऊ त्याचीच री ओढायला लागला. बाईजा बोलली, आमच्या घरातनं तं कोन येनार नाय. बाकीच्या बायकांनी पन माना खाली घातल्या. नामा भिंतीशी टेकून ऐकत होता.

"गाडी खोटं नाय बोलली," त्यानं सांगतलं. "मांस दाट हाय, फोटोत गाठ लपते, सोनोग्राफी करा, आसं मला सांगतलं होतं. मी घरी काय बोललो ते मला ठावं नाय. पन तिच्यापर्यंत गेलं नाय."

"तू कागद आनलास न् तुला ठावं नाय?" अनंता बोलला.

"नाय."

अनंता उठला आन मागल्या दारानं गेला. चार दिवस त्यानं नामाकडं बघितलं नाय. बाईजा वाढायची, पन बोलायची नाय.

पाचव्या दिवशी सारिका आली. बावीस वर्षांची पोरगी. "काका, आईचं दाट होतं तं माझं पन आसल?"

"मला काय कळतं गो."

"मंग चला इचारायला. बाबा येत नायत."

दोघं उपकेंद्रात गेली. तितली नर्सबाई बोलली, दाट हाय का नाय ते हात लावून कळत नाय, फोटोतच कळतं, आन तुझ्या वयाला तो फोटो काढत नायत. पन आईला लवकर झालं, तं मोठ्या डाक्टरला एकदा इचारून ठेव, आन गाठबीठ हाताला लागली तं थांबू नको. नामा दाराबाहेर चपला काढून उभा होता. नर्सबाईनं आतनं इचारलं, सोबत कोन हाय?

नामा आत गेला. बोलला, सावकाश सांगा बाई, मी तुमाला परत बोलून दाखवतो. तिनं सांगतलं. त्यानं बोलून दाखवलं. मधी एक चुकलं, ते सारिकानं सांगतलं, मंग त्यानं परत पयल्यापासनं सुरू केलं.