पाटीवरचं नाव

"आदी नाव सांग गो, मगे फोटो." काळ्या कापडात डोकं घालण्याआधी तो फोटोग्राफर प्रत्येक बाईला हेच म्हणायचा. 'अमक्याची बायल' असं उत्तर आलं की सरळ विडी पेटवायचा. बाई नाव सांगेपर्यंत विडी चाले.

मालवणच्या बाजारात माझं फ्रेमांचं दुकान. वरची खोली त्याला भाड्याने दिली होती. नारळ वाहून मी ती जागा उभी केली. घासाघीस केल्याशिवाय मी कुणाला खिळाही देत नसे. हा मात्र सांगितलेला भाव मुकाट मान्य करायचा. त्याचाही मला राग यायचा.

पहिल्या निवडणुकीत कितीतरी बायका यादीतून खोडल्या गेल्या. घरच्यांनी कारकुनाला त्यांची नावंच सांगितली नव्हती, आणि 'ह्याची बायको', 'त्याची आई' अशी नोंद चालेना. आमच्या दारात मीच उभा होतो. "माझी बायको, एवढं पुरे," म्हणून कारकुनाला वाटेला लावला.

दुसरी निवडणूक जवळ आली, तसं या फोटोग्राफरने त्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीच्या हातात शाळेची पाटी, तिच्यावर स्वतःचं नाव. ते फोटो त्याने कचेरीच्या रस्त्याकडे तोंड करून जिन्याबाहेर टांगले. फ्रेमा माझ्याच. एके सकाळी मान वर केली, तर चौथ्या फ्रेमेत माझी बायको!

"काढ तो फोटो! भर बाजारात माझ्या बायलेचा नाव?"

"काढतंय. पण फोटो तिचो. तिकाच देतलंय."

"मगे खोली खाली कर!"

"बरा," म्हणाला. तेव्हाही घासाघीस नाही.

आठवड्यात कॅमेरा आणि तिवई घेऊन तो शिरोड्याच्या गाडीत बसला. पुन्हा दिसला नाही. जिन्याबाहेर खिळे तेवढे राहिले. अजून सांगतो, त्याने मला विचारायला हवं होतं.

कारकून पुन्हा आला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तिने आतूनच आपलं नाव सांगितलं.

फोटो तिच्या ट्रंकेत आहे, किल्ली तिच्या कनवटीला. त्या दिवशी रागात मी फक्त पाटी वाचली, चेहरा पाहिलाच नाही. परवा न राहवून म्हटलं, "गो, एकदा दाखव तरी."

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "आदी नाव सांगा. मगे फोटो."

आयुष्यभर मी तिला 'गो' म्हणूनच हाक मारली. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांना नमवणारा मी, तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

तुम्ही पाहताच आहात, इथेही मी ते नाव लिहिलेलं नाही. तो असता, तर एव्हाना विडी पेटवून माझ्याकडे बघत बसला असता.