गोदाकाकूंचा डबा

श्रीरामपूरच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारच्या गोदाकाकू धापा टाकत आल्या आणि त्यांनी खिडकीतून एक स्टीलचा डबा आत सरकवला. आत बेसनाचे लाडू, झाकणावर कोरलेलं नाव: सौ. गोदावरी. नर्सची नोकरी घेऊन मी बहारीनला निघाले होते. आई रडत होती, पण डबा बघून रडता रडताच म्हणाली, "परत देशील तेव्हा रिकामा देऊ नकोस गं बाई." तुम्ही गावाकडची माणसं हसाल, पण तो डबा अजून माझ्याकडेच आहे.

आपल्याकडे नाताळात करंज्यांची ताटं गल्लीभर फिरायची. गाणी म्हणत निघालेली आपली मंडळी गोदाकाकूंच्या ओट्यावर चहाला टेकायची आणि दिवाळीत त्यांचा चिवडा आपल्या घरी यायचा. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं. इथे त्याला 'आउटरीच' म्हणतात आणि त्याची कमिटी असते.

आमची उपासना इथे शुक्रवारी, उम्म अल हस्सम भागातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होते. डिसेंबरात, नॅशनल डेच्या सुट्टीत, कमिटीने 'शेजारी दिवस' ठरवला. सेक्रेटरी डॅनियलसर, पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बिर्याणीचे प्लॅस्टिकचे डबे, डब्यांवर आमचा स्टिकर, आम्हा सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. माझी बिल्डिंग हॉलला लागूनच, म्हणून पहिला मान माझ्या शेजाऱ्यांना.

खालच्या मजल्यावर सलमाभाभी राहतात, रायगडातल्या म्हसळ्याच्या. माझी नाइट शिफ्ट असली की माझी मुलगी त्यांच्याकडेच जेवते आणि झोपते. या परक्या देशात मी निर्धास्त कामावर जाते ती त्यांच्या जिवावर. त्यांच्या हातात डबा देताना डॅनियलसर म्हणाले, "सिस्टर, जरा इकडे बघा. स्माइल." भाभींनी ओढणी सावरली आणि बिचाऱ्या हसल्या. फोटो निघाला, 'यल्ला, यल्ला', चला चला, करत टोळी वर गेली. घरात या म्हणायलाही भाभींना सवड मिळाली नाही. मला तिथेच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळीच भाभी तोच डबा घासूनपुसून, तांदळाच्या सांदणांनी भरून घेऊन आल्या. "बट इट्स डिस्पोजेबल!" माझी मुलगी म्हणाली. "खाली बासन देतात काय कधी?" भाभी म्हणाल्या. "तुझ्या चर्चवाल्यांना दे."

नारळाच्या रसातली ती पांढरीशुभ्र सांदणं मी हॉलमध्ये चहाच्या टेबलावर ठेवली. डॅनियलसरांनी झाकण उचलून पाहिलं. "लोकांच्या घरचं नको, हायजीनचा प्रश्न येतो." उपासना संपल्यावर बघते तर डबा कचऱ्याच्या पिशवीत, सांदणं त्याच्यावर उपडी. आणि तासाभरापूर्वी याच माणसाने शेजाऱ्यावरच्या प्रीतीविषयी बोलताना डोळे पुसले होते! मी नर्स आहे. रक्त, पू, ओकारी, कशाचीच मला किळस येत नाही. त्या पिशवीची आली. आपण द्यायचं, त्यांनी हसून घ्यायचं आणि त्यांच्या हातचं मात्र आपण तोंडात घालायचं नाही. असली प्रीती जळो.

भरीत भर म्हणजे फोटो. 'गरजू शेजाऱ्यांना मदतीचा हात' असं खाली लिहून तो ग्रुपवर पडला आणि फिरत फिरत म्हसळ्याला पोचला. भाभींच्या दारात गेले तर त्यांचा आवाज बसलेला होता. "सासूचा फोन आला. बोलते, तिकडं उपाशी हायेस काय, खैरात खातेस?" मग त्यांनीच विचारलं, "जाऊ दे ते. सांदणं आवडली काय तुझ्या लोकांना?"

मला खोटं बोलवेना. "फेकली, भाभी."

त्यांनी मान हलवली आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर शिफ्टला जाताना मुलीला त्यांच्याकडे सोडायचं तोंड मला राहिलं नाही. डॅनियलसरांनी तोडगा सुचवला, एक गिफ्ट हॅम्पर पाठवू या. म्हणजे पुन्हा आपलं देणंच! मी म्हटलं, "खलास. कमिटीतून माझं नाव काढा."

घरी येऊन गोदाकाकूंचा डबा काढला. पहिल्यांदा वाटलं, लाडू करून न्यावेत. मग तसाच रिकामा उचलला, खाली गेले आणि आईने जन्मभर जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते केलं. "भाभी, मला सांदणं खायची आहेत. देता का?"

त्यांनी डबा हातात घेतला. झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही गोदावरी कोण?"

"शेजारीण आमची."

"बस आत," त्या म्हणाल्या. "तांदूळ भिजत घालायला लागतील."

घरची आठवण येते का, असं तुम्ही फोनवर विचारता. येते की. पण रिकामं भांडं घेऊन मागायला जाता येईल असं एक दार आता इथेही आहे. तेव्हापासून डबा सारखा खाली-वर करतोय. गोदाकाकूंना सांगा, तो काही इतक्यात परत मिळायचा नाही.