केराबाईची गाठ

मेंढी म्हातारी होईल, पण मंद्रूपच्या केराबाईनं मारलेली गाठ सुटायची नाही, असं लोक थट्टेनं म्हणत. बाईही काही कमी नव्हती. मोडल्या पायाचं कोकरू मांडीवर घेतलं की बांबूच्या कामट्या लावून चिंधी कचकचून आवळायची आणि वर ऐकवायची, "ढिलं बांधंल ती केरा न्हाय!"

एकोणीसशे बत्तीस साली तिची तेरा वर्षांची अंबू शेळ्यांना पाला तोडताना बाभळीवरून पडली. मनगटाच्या वर हात वाकडा झाला. केराबाई कुणाला विचारते कशाला! कोकराचा पाय बांधावा तसा तिनं पोरीचा हात बांधला. अंबू दोन दिवस दातावर दात दाबून गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं काळीनिळी, गार पडलेली दिसली आणि बाई दिराच्या दारात धावली. दीर सिद्धनाथनं बैलगाडी जुंपली.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कात्रीनं चिंध्या कापल्या. "कुणी बांधलं हे? रक्त अडलंय सगळं! दोन्ही हाडं मोडलीत. हात चिरून आतून तारेनं जोडावी लागतील. बोटांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही."

"गावातल्या एका म्हाताऱ्यानं बांधलं," केराबाई पुटपुटली. एरवी गावाला पुरून उरणारी तोंडाळ बाई, पण डॉक्टरांकडे मान वर करून बघेना. अंबूनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

पोरीला आत नेलं, दार लागलं. केराबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. आत भांडं वाजलं तरी दचकून उठायची. सिद्धनाथनं पुढं केलेल्या भाकरीला ती शिवली नाही. "बिरोबा, घ्यायचा तर माझा हात घे रं. लेकराचा नको."

दिवस मावळून गेल्यावर अंबू शुद्धीवर आली. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. अंगठा हलला. शेजारची दोन बोटं हलली. उरलेली दोन तशीच आखडलेली राहिली.

"एवढं दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईनं बांधलेलं सोडाय लावलं असतं, तर लोकं आईला हसली असती की."

केराबाईनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका आवरला नाही. "सायेब, म्हातारा-बितारा कुनी न्हाय. म्याच बांधलं."

पुढं कुणी मोडल्या पायाचं कोकरू घेऊन दारात आलं, की केराबाई आधी अंबूला हाक मारी. चिंधीखाली पोरीचं आखडलेलं एक बोट शिरण्याइतकी जागा उरली, तरच ती गाठ मारी.